तीस अंशांतून ढकलणारा माणूस

भौतिकशास्त्राच्या पुस्तकात एक माणूस राहतो. त्याला नाव नाही, गाव नाही, बहुधा वजनही नाही. दोन मीटर लांबीची एक दांडी एका टोकाला खिळवलेली असते आणि हा दुसऱ्या टोकाला ५० न्यूटन बल लावत उभा असतो. तेही सरळ नाही, दांडीशी ३० अंशांचा कोन करून. पिढ्यान्‌पिढ्या तो तसाच उभा आहे. त्याच्यापायी कितीक मुलांचे मार्क गेले, पण ‘बाबा रे, तू जरा सरळ का ढकलत नाहीस?’ असं त्याला विचारावंसं कुणाला वाटलं नाही. तीस अंशांचा साइन अर्धा. म्हणजे काटकोनात ढकललं असतं तर २५ न्यूटनांत तेवढंच काम झालं असतं. बाकी ४३ न्यूटन तो निव्वळ दांडी खिळ्याच्या दिशेने रेटण्यात घालवतो. (२५ आणि ४३ मिळून ५० कसे, असं विचारू नये. सदिशांच्या घरात बेरजा अशाच होतात.) पण तो सरळ ढकलायला लागला तर दोन मार्कांचा प्रश्न एका मार्कावर येईल, म्हणून बिचारा तिरका उभा आहे.

त्याचं जगही त्याच्यासारखंच. तिथली दांडी वस्तुमानरहित, खिळा घर्षणरहित आणि दोरी कितीही ताणली तरी लांबत नाही. प्रकरणाच्या शेवटी शिडी येते. ती खडबडीत जमिनीवर उभी आणि गुळगुळीत भिंतीला टेकलेली. तिच्यावर एक रंगारी चढत असतो, आणि शिडी घसरण्याआधी तो किती उंच पोचेल हे आपण काढायचं. ज्या भिंतीला घर्षणच नाही तिला हा रंग चिकटवणार कसा, हे तो सांगत नाही. शिडी घसरणार आहे हे वर्गातल्या साठच्या साठ मुलांना ठाऊक असतं, रंगाऱ्याला तेवढं नसतं. पण त्याला हाक मारून खाली बोलावण्याऐवजी मुलं शांतपणे घर्षणांक उतरवून घेतात. विज्ञान माणसाला निष्ठुर करतं अशी तक्रार जे करतात, त्यांनी एकदा हा तास बघावा.

सातवी-आठवीपर्यंत सगळं सुरळीत असतं. तरफ, टेकू, भार, बल. टेकू मध्ये असला की पहिला प्रकार, भार मध्ये असला की दुसरा, बल मध्ये असलं की तिसरा. कात्री, अडकित्ता, चिमटा. बल गुणिले बलभुजा बरोबर भार गुणिले भारभुजा. सीसॉवर ३० किलोचा रमेश मध्यापासून दोन मीटरवर बसला तर २० किलोचा सुरेश तीन मीटरवर बसेल, हे सुरेशलाही पाठ असतं. सोसायटीच्या बागेतल्या सीसॉला मात्र धरायचे दांडे दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर वेल्ड केलेले असतात, त्यामुळे तिथे सुरेशला मागे सरकता येत नाही. मग तो दहा किलोच्या धाकट्या बहिणीला पुढ्यात घेऊन बसतो. हे उत्तर पुस्तकात नाही, पण बरोबर आहे.

अकरावीत कोन येतो, आणि कोन आला की वर्गात तीन पंथ पडतात. पहिला पंथ म्हणतो, बलाचे दोन तुकडे करा, दांडीला लंब असेल तेवढाच ठेवा. दुसरा म्हणतो, बलाला हात लावू नका. बलाची रेषा दोन्हीकडे वाढवा, टेकूपासून तिच्यावर लंब टाका आणि तेवढंच अंतर धरा. तिसरा पंथ क्लासवाल्यांचा. त्यांचं म्हणणं, डोकं चालवू नका. आर गुणिले एफ गुणिले साइन थीटा, बसवा आणि पुढचं गणित घ्या. तिन्ही पंथांचं उत्तर एकच, ५० न्यूटन-मीटर. बलाच्या या फिरवण्याच्या ताकदीलाच टॉर्क म्हणतात. पण सर तिन्ही पद्धती एकाच तासात उरकतात. त्यामुळे मन लावून ऐकणारं मूल पहिल्या पद्धतीने बल अर्धं करतं, दुसरीने अंतर अर्धं करतं आणि राहायला नको म्हणून तिसरीचा साइनही लावून टाकतं. उत्तर येतं साडेबारा. चूक दाखवली तर म्हणतं, “पण सर, सगळ्या स्टेप्स लिहिल्यात.”

पेपर काढणारे तर या प्रकरणाची वर्षभर वाट बघत असावेत. ते कोन दांडीशी देत नाहीत. दांडी आडवी ठेवतात आणि कोन उभ्या रेषेशी देतात. आता साइनच्या जागी कॉस हवा. आकृती काढणाऱ्याला ते दिसतं, सूत्र पाठ केलेल्याला दिसत नाही. पाठ केलेले वर्गात अर्थातच जास्त असतात, आणि शेजारच्या बाकावरचाही साइनच लिहितोय हे पाहून त्यांना धीर येतो.

मग दिशा. टॉर्कला दिशा असते, आणि ती दांडीच्याही दिशेला नसते, बलाच्याही नसते. ती सरळ कागदातून वर तरी येते किंवा बाकात तरी घुसते. ती शोधायला उजव्या हाताचा नियम. उजव्या हाताची बोटं टेकूपासून दांडीच्या दिशेने ठेवायची, बलाच्या दिशेने वळवायची. अंगठा जिकडे तिकडे टॉर्क. परीक्षेच्या हॉलमध्ये हा प्रश्न आला की बघत राहावं. चाळीस मुलं हवेत मनगटं पिरगाळतायत, एकाचा अंगठा छताकडे, दुसऱ्याचा स्वतःच्या छातीकडे, तिसरा अर्धा बाकाबाहेर लटकलेला. पर्यवेक्षक इतिहासाचे असले तर मुलं एकमेकांना खुणा करतायत अशा समजुतीने दोन फेऱ्या जास्त मारतात. यातली गंमत अशी की बहुतेकांच्या उजव्या हातात पेन असतं. ते खाली ठेवायला वेळ कुणाला? मग नियम डाव्या हाताने वापरला जातो आणि बाहेर येणारा टॉर्क निमूट बाकात घुसतो. चिन्ह चुकलं, अर्धा मार्क गेला. डावखुऱ्या मुलांना आयुष्यात मिळणारे फायदे मोजके, त्यातला हा एक.

उरलेला अर्धा मार्क एकक खातं. न्यूटन गुणिले मीटर म्हणजे खरं तर ज्यूल, पण टॉर्कचं एकक ज्यूल लिहिलं की लाल रेघ. ऊर्जा ज्यूलमध्ये, टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये. गावात दोन कुलकर्णी असतात, आडनाव एक, पण एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, तसं हे आहे. ऊर्जेत बल आणि अंतर एकाच दिशेचे, टॉर्कमध्ये एकमेकांना काटकोनात. नातं नाही ते नाही.

या सगळ्या प्रकरणात मला मनापासून आवडलेली गोष्ट एकच. वस्तू स्थिर असेल तर टेकू कुठेही मानून टॉर्क मोजले तरी चालतात, बेरीज शून्यच येते. भिंतीतली बिजागरी दुकानाच्या पाटीला नेमकी किती आणि कुठल्या दिशेने ओढते आहे, याचा थांगपत्ता नसतो. जाणती पोरं मग काय करतात? बिजागरीलाच टेकू मानतात. अंतर शून्य, म्हणून टॉर्क शून्य, आणि तो अनोळखी इसम समीकरणातून बाहेर. ज्याच्यापासून उपद्रव व्हायचा त्याच्याच पायाशी जाऊन बसायचं. ही युक्ती ज्याला सोळाव्या वर्षी उमगली त्याला पुढे सरकारी नोकरीत फारसं शिकवावं लागत नाही.

पुस्तक मिटून रस्त्यावर आलं की उलटाच प्रकार. पुस्तकात बल, अंतर आणि कोन यांना सारखाच मान. बाहेर सगळा भरवसा बलावर. काही हललं नाही की आपल्याकडे पहिला सल्ला ‘जोर लाव’ हाच. कुठे लाव आणि कसा लाव, हे विचारणारा माणूस कामचुकार ठरतो.

बँकेचं काचेचं दार घ्या. अलीकडे या दारांना दोन्ही कडांना एकसारखेच चकचकीत उभे दांडे बसवतात, त्यामुळे बिजागरीची बाजू कुठली ते कळत नाही. येणाऱ्यांतला निम्मा वर्ग बिजागरीजवळ ढकलतो. दार बिजागरीपासून ८० सेंटिमीटरवर ढकललं तर करंगळीने उघडेल. १० सेंटिमीटरवर ढकललं तर आठपट जोर हवा. माणूस अंतर बदलत नाही. तो पिशवी खाली ठेवतो, चष्मा सावरतो आणि खांदा लावतो. आत बसलेला सुरक्षारक्षक रोज हा कार्यक्रम बघतो आणि उठत नाही, कारण बाहेरचा माणूस दारावर ‘ढकला’ असं वाचून मनापासून तेच करतो आहे.

अंतराला खरा भाव दिला तो आर्किमिडीजने. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, सिराक्यूसमध्ये. उभं राहायला जागा मिळाली तर पृथ्वी हलवून दाखवीन, अशी त्याची बढाई प्रसिद्ध आहे. जागेचा प्रश्न मुंबईकरांना नवा नाही, तो बाजूला ठेवू. हिशेब बघा. पृथ्वीचं वस्तुमान ६ वर चोवीस शून्यं इतके किलो. आर्किमिडीज ६० किलोचा धरला तर त्याच्या बाजूची भुजा एकावर तेवीस शून्यं इतकी पट लांब हवी. पृथ्वी एक सेंटिमीटर उचलायची तर त्याला आपलं टोक सुमारे एक लाख प्रकाशवर्षं खाली न्यावं लागेल. आपल्या आकाशगंगेची रुंदी साधारण तेवढीच आहे. सेकंदाला एक मीटर या बेताने तो दांडी दाबत राहिला तर तीस लाख कोटींहून जास्त वर्षं लागतील, आणि विश्वाचं आजवरचं वय १,३८० कोटी वर्षं. सूत्र बरोबर आहे, काम होणार आहे, फक्त थोडं थांबावं लागेल. सरकारी उत्तरात आणि यात फरक एवढाच की इथे मुदत दिलेली आहे.

आपल्या अंगातली तरफ मात्र याच्या नेमकी उलट बांधलेली आहे. कोपर हा टेकू, दंडातला बायसेप्सचा स्नायू कोपरापुढे जेमतेम चार सेंटिमीटरवर जोडलेला, आणि हातातली पिशवी पस्तीस सेंटिमीटरवर. कोपर काटकोनात ठेवून पाच किलोची पिशवी धरली तर, हाताचं स्वतःचं वजन धरून, त्या स्नायूला जवळपास पन्नास किलोचा ताण द्यावा लागतो. हे गणित मी मंडईतून परतताना घरी समजावून सांगितलं. आपण पाच किलो कांदे नव्हे, पन्नास किलोचं ओझं तिसऱ्या मजल्यावर आणलं आहे, हे कागदावर सिद्ध करून दाखवलं. बायकोने आकृती नीट पाहिली आणि म्हणाली, “मग कोपरातच अडकवायची होती ना. अंतर कमी नसतं का झालं?”

मंडईतून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही काकूंकडे पाहा. पिशवी बोटांत नसते, कोपराच्या घडीत असते. भार टेकूलाच टांगलेला. अंतर चार बोटं, हात मोकळा, त्या हातात पर्स, आणि दुसऱ्या हाताने भाव चालू. मागून काका चाललेले असतात, पिशवी पुढे धरून, मानेच्या शिरा ताठ. हात सरळ खाली सोडला असता तरी वजनाची रेषा कोपरातून गेली असती आणि बायसेप्सला सुट्टी मिळाली असती. पण मग जोर लावल्यासारखं दिसलं नसतं.

कोन आणि अंतर यांचा एवढा विचार करून बनवलेली एक वस्तू महाराष्ट्राने रोज वापरली आहे, तिच्याकडे कौतुकाने पाहिलं मात्र नाही. गावातला हातपंप. पूर्वी बोअरवर ओतीव लोखंडाचे पंप बसवत. ते एखाद्या घरापुरते ठीक होते. अख्खं गाव रांगेत उभं राहिलं की मोडत. जालना आणि सोलापूर भागात बोअरच्या कामात असलेल्या कारागिरांनी मजबूत पोलादी पंप तयार केले. त्यातल्या सोलापूर पंपावरूनच पुढे, १९७० च्या दशकात, युनिसेफच्या पुढाकाराने इंडिया मार्क टू हा पंप साकारला आणि देशभर गेला. त्याच्या दांडीचं प्रमाण आठास एक. चाळीस किलोचा भार पाच किलोच्या जोराने उचलला जातो, घर्षण सोडून. पण खरी करामत डोक्याच्या पेटीत आहे. दांडीच्या आतल्या टोकाला वर्तुळाच्या पाव तुकड्यासारखा एक भाग असतो आणि त्यावरून साखळी खाली सळईला जाते. दांडी वर असो, खाली असो, साखळी त्या गोलाईला स्पर्श करून सरळ खालीच उतरते; टेकूपासून तिचं लंबांतर बदलतच नाही. भाराच्या बाजूचा साइन थीटा कारागिरांनी कायमचा निकालात काढला. अकरावीच्या मुलांनी त्या पेटीला नारळ फोडायला हरकत नाही. आणि दांडी धरायची कुठे, हे त्या पंपावर आलेल्या सात वर्षांच्या पोरीलाही सांगावं लागत नाही. ती थेट टोकाला लोंबकळते.

आता चाक. आमच्या एका परिचितांनी मोठी गाडी घेतली. भेटेल त्याला पहिलं वाक्य, “अडीचशे न्यूटन-मीटर टॉर्क आहे.” सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनाही त्यांनी हे सांगितलं. ही गाडी खंबाटकी घाट उतरल्यावर पंक्चर झाली. गाडीत परिचित, त्यांचे जावई, व्याही आणि मी. पुढचं चाक होतं. स्टेपनी काढली, गाडीबरोबर आलेला एल पाना काढला. जावईबापूंनी उत्साहाने आधी जॅक लावून चाक उचललं. मग नट फिरवायला गेले, तर नटाबरोबर चाकही फिरू लागलं. जॅक उतरवला.

मग नट हलेना. या चाकांचे नट साधारण शंभर न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. पण टायर बदलणाऱ्याकडे हवेची गन असते, आणि तिचा घोडा दाबला की सोडायचा केव्हा हे त्याच्या मूडवर असतं. धरा की त्याने दोनशेवर नेला होता. पाना पंचवीस सेंटिमीटरचा. दोनशे भागिले पाव, म्हणजे टोकावर आठशे न्यूटन, ऐंशी किलो. जावईबापू पासष्ट किलोचे. त्यांनी पाना नटावर उभा बसवला, टोक आभाळाकडे, आणि वरून दाबायला लागले. बलाची रेषा बरोबर नटातून जात होती. अंतर शून्य. ते नट फिरवत नव्हते, गाडी जमिनीत रोवत होते. व्याही म्हणाले, “पायाने दाबा.” पाना आडवा केला, पण उजवीकडे, आणि जावईबापूंनी त्यावर उडी मारली. नट किंचित फिरला! सगळ्यांनी आनंदाने पाहिलं. नट आणखी आवळला गेला होता.

अडीचशे न्यूटन-मीटरची गाडी एका नटाने अडवून धरलेली, आणि तो नट फिरवायला इंजिनाचा काही उपयोग नाही. परिचित एकदा बॉनेटकडे बघत, एकदा चाकाकडे.

मागे एक ट्रक येऊन थांबला. त्यातला क्लीनर उतरला. वय असेल विशीच्या आत, अंगावर मांस बेताचंच. त्याने पाहिलं, काही विचारलं नाही, ट्रककडे परत गेला आणि एक गंजका पाईप घेऊन आला, हातभराहून थोडा लांब. पाना नटावर डावीकडे आडवा बसवला, त्यावर पाईप सरकवला. आता भुजा ऐंशी सेंटिमीटर. दोनशे भागिले शून्य पूर्णांक आठ, अडीचशे न्यूटन, पंचवीस किलो. त्याने पाईपच्या अगदी टोकाला हात धरला, काटकोनात, आणि अंग नुसतं सोडून दिलं. नट ‘कर्र’ करून सुटला. पाचही नट सुटायला फार वेळ लागला नाही. परिचितांनी खिशात हात घालत त्याला विचारलं, “शिकलायस कितवीपर्यंत?” तो म्हणाला, “आठवी.” तरफेचं प्रकरण तोवर होऊन गेलेलं असतं.

तेव्हा वाचकहो, गाडीच्या डिकीत हातभराहून थोडा लांब, जाड पाईपचा एक तुकडा ठेवा, आणि तो तुमच्या पान्यावर चढतो की नाही हे घराच्या अंगणातच पाहून घ्या. नट आधी सैल करायचे, जॅक नंतर. पाना डावीकडे, आडवा. आणि पाईप सोडवतानाच लावायचा. आवळताना तोच पाईप लावलात तर नट ज्यावर बसतो तो स्टड ताणला जातो, आणि पुढच्या पंक्चरला तो तुटून नटासकट हातात येतो.